शीतगृहाचा हिवाळा

२९ डिसेंबर २०१८ रोजी पहाटे नागपूरचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. याच शहराने २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंशांचा पारा अनुभवला होता. दोन्ही टोकांमध्ये चव्वेचाळीस अंशांचे अंतर आहे. ऊन आणि गारठा दोन्ही सोसण्याची सवय वैदर्भीयांच्या अंगी मुरलेली असल्यामुळे शेकोट्या, स्वेटर आणि वृत्तपत्रांतील ठळक मथळे यांपलीकडे त्या पहाटेची फारशी चर्चा झाली नाही. पण त्या पहाटेचे एक वैशिष्ट्य सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नागपुरी संत्री साठवण्यासाठी शीतखोलीत सहा ते सात अंश तापमान राखले जाते. म्हणजे त्या दिवशी काही तासांपुरते मोकळे अंगण हे शीतखोलीपेक्षाही अधिक थंड होते.

सामान्य बुद्धीला वाटेल, यात यंत्राचे भलेच झाले. बाहेरच थंडी असल्यावर त्याला काम ते किती? बहुतेक मालकांची समजूतही अशीच असते. दिवाळीनंतर विजेचे बिल उतरू लागते, कॉम्प्रेसरचा आवाज क्वचित ऐकू येतो आणि शीतखोलीकडे पाहण्याची गरज होळीपर्यंत उरत नाही, असे गृहीत धरले जाते. देखभालीचा करार केलेला मेकॅनिकही मार्चमध्ये येतो म्हणतो आणि त्याला कोणी आग्रह करीत नाही. पुढे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, लग्नसराईच्या तोंडावर, मिठाईच्या किंवा आइस्क्रीमच्या खोलीतील यंत्र भर दुपारी बंद पडते आणि दोष उन्हाळ्यावर ढकलला जातो. वास्तविक त्या बिघाडाची पेरणी पुष्कळदा डिसेंबर-जानेवारीतच झालेली असते.

हे कसे घडते, ते समजण्यासाठी यंत्राचे मूळ काम आधी लक्षात घ्यावे लागते. शीतयंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते आतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. ही वाहतूक करतो तो शीतक, ज्याला बाजारात सरसकट ‘गॅस’ म्हणतात. खोलीतील कॉइलमध्ये तो उकळतो आणि उकळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून बाहेरच्या कंडेन्सरकडे पाठवितो. तेथे पंख्याच्या वाऱ्याने उष्णता सोडून तो पुन्हा द्रवरूप होतो आणि एका अरुंद झडपेतून, म्हणजे एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून, परत आत येतो. या साऱ्या प्रवासाला रेटा लागतो. बाहेरचा दाब आणि आतला दाब यांत पुरेसा फरक असेल, तरच झडपेतून हवा तेवढा द्रव आत ढकलला जातो. पाण्याची टाकी उंचावर असली की नळाला धार येते आणि टाकी खाली आणली की नळ नुसताच ठिबकतो, तसाच हा व्यवहार आहे.

आता नागपूरचे वेगळेपण पाहावे. येथील जाणकार मालक कंडेन्सर निवडताना मे महिन्याची दुपार डोळ्यांपुढे ठेवतो. सावलीत पंचेचाळीस अंश आणि गच्चीवरील पत्र्याजवळ त्याहूनही अधिक, अशा हवेत उष्णता सोडता यावी म्हणून तो मोठा कंडेन्सर बसवितो. हे योग्यच आहे. पण तोच कंडेन्सर डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांच्या हवेत प्रमाणाबाहेर मोठा ठरतो. फ्रीझरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या आर-४०४ए या शीतकाचा दाब मे महिन्यात ३५० पीएसआयच्या पुढे जातो, तर हिवाळ्यातील थंड पहाटे तोच १५० पीएसआयच्या आसपास उतरू शकतो. टाकी खाली आली. झडपेतून जाणारा द्रव कमी पडला, की आतील कॉइलचा पहिला भाग बर्फाने माखतो आणि उरलेला कोरडाच राहतो. कॉम्प्रेसरच्या खेचण्याच्या बाजूचा दाब घसरतो, सुरक्षेसाठी बसविलेला लो-प्रेशर स्विच यंत्र बंद करतो, थोड्या वेळाने ते पुन्हा सुरू होते आणि पुन्हा बंद पडते. बाहेर गारठा असूनही आतील तापमान हळूहळू चढत जाते. प्रत्येक खोलीत हे घडेलच असे नाही. कॉम्प्रेसर, झडप आणि कंडेन्सर यांचा मेळ कसा बसला आहे, यावर ते अवलंबून असते. मात्र पहाटे तीन ते सात या वेळात वारंवार ट्रिप होणारे आणि सकाळी नऊनंतर आपोआप सुरळीत चालणारे यंत्र दिसले, तर प्रथम याच कारणाचा संशय घ्यावा.

आणि येथेच हिवाळ्यातील सर्वांत महाग चूक होते. पहाटेच्या तक्रारीवरून मेकॅनिक सकाळी सात वाजता येतो. गेज लावतो. दोन्ही बाजूंचा दाब कमी दिसतो. ‘गॅस कमी आहे’ असे निदान होते आणि सिलिंडर उघडून दोन-तीन किलो शीतक भरले जाते. दाब वर येतो, खोली थंड होऊ लागते, मालक समाधानाने पैसे देतो. वस्तुतः गॅस कमी नव्हताच. बाहेरची हवा थंड होती, एवढेच. भरलेला जादा द्रव कंडेन्सरच्या तळाशी साचून राहतो आणि त्याची काही जागा अडवितो. जानेवारीत त्या अडचणीचा प्रत्यक्षात उपयोगच होतो, कारण कंडेन्सर तसाही मोठाच होता. फेब्रुवारीतही काही बिघडत नाही. मार्चच्या अखेरीस पारा चाळिशी गाठतो, तेव्हा कंडेन्सरचा इंच न् इंच हवा असतो आणि नेमकी तीच जागा द्रवाने व्यापलेली असते. दाब मर्यादेबाहेर जातो आणि हाय-प्रेशर स्विच यंत्र थांबवितो. तो स्विच नादुरुस्त असेल, किंवा कोणी ‘तात्पुरता’ म्हणून थेट जोडून ठेवला असेल, तर कॉम्प्रेसरचे वाइंडिंग जळते. तीन महिन्यांपूर्वी भरलेल्या गॅसचा आणि या जळण्याचा संबंध कोणी जोडीत नाही.

अनुभवी मेकॅनिक हिवाळ्यात गॅस तपासताना एक साधी युक्ती करतो. कंडेन्सरचा काही भाग पुठ्ठ्याने झाकून तो दाब मुद्दाम वर आणतो, जणू काही काळापुरता कृत्रिम उन्हाळा निर्माण करतो. मग काचेच्या तपासखिडकीतून द्रवात बुडबुडे दिसतात का ते पाहतो आणि नळीचे तापमान व दाब यांचा ताळा घेतो. एवढे करूनही बुडबुडे उरलेच, तर गॅस खरोखर कमी आहे. आणि कमी आहे म्हणजे कोठेतरी गळती आहे. आधी गळती शोधून बंद करावी आणि मगच भरावे. गळती तशीच ठेवून दरवर्षी गॅस भरीत राहणे हा केवळ पैशाचा अपव्यय नव्हे. एक किलो आर-४०४ए हवेत सुटला, तर वातावरणावर होणारा त्याचा परिणाम सुमारे ३९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका असतो. जुन्या खोल्यांतील आर-२२ हा शीतक तर ओझोन संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भारतातून २०३० पर्यंत बाद व्हायचा आहे. त्याचा भाव पुढे कोणत्या दिशेने जाईल, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको.

पहाटेच्या घसरत्या दाबावर कायमचे उपाय आहेत आणि ते फार खर्चिकही नाहीत. कंडेन्सरला दोन-तीन पंखे असतील, तर दाब उतरल्यावर त्यांतील एक-दोन आपोआप बंद करणारा स्विच बसवितात. एकच पंखा असेल, तर त्याचा वेग दाबानुसार कमी-अधिक करणारे नियंत्रक मिळते. मोठ्या यंत्रांत दाब राखणारी वेगळी झडपही असते. मात्र तिला अधिक गॅस लागतो आणि तो उन्हाळ्यात साठविण्याइतकी मोठी टाकीही असावी लागते. येथे एक तारतम्य हवे. बाहेरची हवा थंड असणे ही मुळात निसर्गाने दिलेली सवलत आहे. कंडेन्सरमधील शीतकाचे तापमान एका अंशाने उतरले, की कॉम्प्रेसरची वीज साधारण दोन ते तीन टक्क्यांनी वाचते, हा या शास्त्रातील जुना आडाखा. तेव्हा दाब झडपेला पुरेल इतकाच राखावा. उन्हाळ्याच्या पातळीवर तो चढवून ठेवणे म्हणजे डिसेंबरात मे महिन्याचे बिल भरणे होय. इलेक्ट्रॉनिक झडप असलेली यंत्रे कमी दाबावरही व्यवस्थित चालतात. नवी खोली बांधणाऱ्याने त्यांचा विचार जरूर करावा. बिलावरूनही एक परीक्षा करता येते. माल तेवढाच असताना जानेवारीचा वीजवापर मे महिन्याच्या तुलनेत स्पष्टपणे उतरलेला नसेल, तर यंत्रात दोष आहे, हे मेकॅनिक येण्यापूर्वीच समजावे.

रात्री मुख्य स्विच बंद करण्याची सवयही हिवाळ्यातच बळावते. ‘थंडीच एवढी आहे, रात्रभर यंत्र कशाला चालवायचे?’ हा प्रश्न काटकसरी मनाला सहज पटतो. शीतक मात्र सर्वांत थंड जागेच्या शोधात असतो आणि कॉम्प्रेसरमधील वंगण तेल त्याला विशेष प्रिय असते. बाहेर चार-पाच अंश आणि खोलीत सात अंश अशी उलटी स्थिती झाली, की तो आतल्या कॉइलमधून निघून बाहेरच्या थंड कॉम्प्रेसरमध्ये जमतो आणि तेलात विरघळतो. सकाळी स्विच दाबताच दाब एकदम उतरतो, विरघळलेला शीतक उसळतो, दूध उतू जावे तसे तेल फेसाळून वर येते आणि गॅसबरोबर नळ्यांत निघून जाते. बेअरिंगला तेलाऐवजी फेस मिळतो. काही वेळा द्रवरूप शीतकच सिलिंडरमध्ये शिरतो आणि झडपेच्या पात्या मोडतात. हे टाळण्यासाठी कॉम्प्रेसरच्या तळाशी एक छोटा हीटर असतो, ज्याला क्रँककेस हीटर म्हणतात. यंत्र थांबलेले असताना तो तेलाला ऊब देतो. मुख्य स्विच बंद केला, की हा हीटरही विझतो. म्हणून खोली रिकामी असली आणि काही दिवस थंडावा नको असला, तरी यंत्र थर्मोस्टॅटवरून थांबवावे, मुख्य वीज तोडू नये. तोडावीच लागली, तर यंत्र सुरू करण्यापूर्वी किमान बारा तास हीटर चालू ठेवावा. हीटर जिवंत आहे की नाही, हे पाहायला कॉम्प्रेसर थांबलेला असताना त्याच्या तळाला जपून हात लावला, तरी पुरते; तळ कोमट लागला पाहिजे.

आतील मालाचा विचार केला, म्हणजे हिवाळ्यातील देखभालीचे महत्त्व खरे कळते.

नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार साधारण ऑक्टोबरपासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत बाजारात येतो आणि मृग बहार फेब्रुवारीनंतर. २०१४ साली या फळाला भौगोलिक मानांकन मिळाले. पण फळाचे भाव मानांकनावर नव्हे, आवकेवर ठरतात. कळमन्याच्या बाजारात एकाच आठवड्यात गाड्यांची रीघ लागली, की भाव कोसळतो. त्यातच बांगलादेशाने आयात शुल्क वाढवीत नेल्यापासून एक मोठे गिऱ्हाईक आक्रसले आहे. अशा वेळी महिना-दीड महिना माल थांबविता येणे हे बागाईतदाराच्या आणि व्यापाऱ्याच्याही हिताचे. येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत १९८५ पासून या फळांवर अभ्यास सुरू आहे. संत्र्याला सहा-सात अंश तापमान आणि नव्वद टक्क्यांच्या वर आर्द्रता मानवते. मात्र संत्रे हे उष्ण हवेतले फळ आहे. तापमान चार अंशांखाली जाऊन तेथेच रेंगाळले, तर सालीवर तपकिरी खड्डे पडतात, चवीला उतार येतो आणि फळ बाहेर काढल्यावर झपाट्याने सडते. गोठणे दूरच, केवळ जादा थंडीनेच हा माल जातो. शिवाय डिसेंबरात यंत्राला मुबलक ताकद शिल्लक असते. मे महिन्यात थर्मोस्टॅट अडकला, तर यंत्र धडपडत कसेबसे पाच अंशांवर पोहोचते. डिसेंबरात तोच थर्मोस्टॅट किंवा त्याचा रिले चिकटला, तर एका रात्रीत खोली शून्याला भिडू शकते. उन्हाळ्यात तापमान वर जाण्याची धास्ती असते, तर हिवाळ्यात ते खाली जाण्याची अधिक. बहुतेक खोल्यांत मात्र भोंगा वरच्या मर्यादेलाच जोडलेला असतो. खालच्या मर्यादेचा भोंगा बसविणे हे या ऋतूतील पहिले काम होय.

संत्र्याच्या बाबतीत नुकसान निदान डोळ्यांना दिसते. लसीच्या बाबतीत ते दिसतही नाही. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात विभागीय पातळीवरील भांडारांत वॉक-इन कूलर आणि वॉक-इन फ्रीझर अशा दोन प्रकारच्या शीतखोल्या वापरतात. कूलरमध्ये दोन ते आठ अंश राखावे लागतात. पोलिओची तोंडावाटे देण्याची लस गोठलेल्या अवस्थेत ठेवता येते. पण हिपॅटायटिस-बी, पेंटाव्हॅलंट, धनुर्वात यांसारख्या लशी एकदा गोठल्या, की त्यांची शक्ती नष्ट होते आणि नंतर वितळल्यावर कुपी वरवर पूर्ववत दिसते. हिपॅटायटिस-बीची लस तर उणे अर्ध्या अंशालाच गोठू लागते. शंका आलीच, तर ‘शेक टेस्ट’ करतात: मुद्दाम गोठवून वितळविलेली एक कुपी आणि संशयित कुपी एकत्र हलवून ठेवतात, संशयित कुपीतील गाळही तितक्याच वेगाने खाली बसू लागला, तर ती लस बाद. उणे तापमानाची एक रात्र, आणि पुढे कोठल्यातरी खेड्यात एखाद्या बाळाला टोचून घेतल्याचे समाधान मिळते, संरक्षण मात्र मिळत नाही. इन्सुलिनलाही हाच नियम लागू आहे. औषधांच्या घाऊक व्यापारात असलेल्या कुटुंबांनी हिवाळ्यापूर्वी दोन गोष्टी स्वतः उभे राहून करून घ्याव्यात: तापमान दाखविणारे मीटर बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखविते का ते तपासणे, आणि कॉइलच्या वाऱ्याच्या थेट झोतात येणारी फळी रिकामी ठेवणे. मधल्या भिंतीवरचे मीटर चार अंश दाखवीत असताना झोतातील खोके शून्याखाली गेलेले असू शकते.

मिरचीचे गणित निराळे. भिवापूर आणि परिसरातील लाल मिरची हिवाळ्याच्या उत्तरार्धात बाजारात येऊ लागते आणि फेब्रुवारीपासून शीतगृहे पोत्यांनी भरत जातात. मिरचीचा रंग आणि तिखटपणा वर्षभर टिकविण्यासाठी तिला कोरडी थंडी लागते. येथे शीतगृहाचा आणखी एक लाभ जैन घरांना विशेष जवळचा वाटावा. दहा अंशांच्या खाली मसाले, सुकामेवा आणि कडधान्ये यांत किडीची वाढ थांबते. कीड लागल्यावर विषारी धुरी देऊन तिला मारण्यापेक्षा ती उत्पन्नच होऊ न देणे, हा मार्ग ज्यांना प्रिय आहे, त्यांच्यासाठी शीतखोली हे उत्तम साधन आहे. अट इतकीच, की थंडी अखंड राहिली पाहिजे. यंत्र बंद ठेवून दिवसा बावीस-पंचवीस अंशांपर्यंत चढू दिलेल्या खोलीत थांबलेले जीवनचक्र पुन्हा सुरू होते.

हिवाळ्यात एक गोष्ट मात्र मालकाच्या बाजूची असते, आणि ती म्हणजे कोरडी हवा. पावसाळ्यात दार उघडले, की ओलसर वारा आत शिरतो आणि कॉइलवर बर्फ चढतो. त्या दिवसांत बर्फ दाराच्या दोषाने आहे, की हवेच्या ओलाव्याने, हे ओळखणे अवघड जाते. डिसेंबर-जानेवारीत तो गोंधळ नसतो. या कोरड्या दिवसांतही फ्रीझरच्या कॉइलवर जाड बर्फ दिसला, तर दोष निश्चितच खोलीत किंवा यंत्रात आहे. दाराचे रबर फाटले असेल, डीफ्रॉस्टचा हीटर जळाला असेल, त्याचे घड्याळ चुकले असेल किंवा वर सांगितल्याप्रमाणे झडप उपाशी असेल. रबर तपासण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे: कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी, सहज निघाली, तर त्या जागी फट आहे. फ्रीझरच्या दाराच्या चौकटीत बारीक हीटरची तार असते. ती तुटली, की दार चौकटीला चिकटून बसते, हमाल ते धक्क्याने उघडतात आणि रबर फाटते. मग सारा दोष रबराच्या दर्जावर जातो. पाणी वाहून नेणाऱ्या नळीचाही हीटर याच फेरीत पाहून घ्यावा. तेथे बर्फ साचला, तर पाणी फरशीवर उतरते, गोठते आणि त्यावरून माणूस घसरतो.

फरशीखालच्या वायुनळ्या ही तर विस्मृतीत गेलेली बाब. उणे वीस अंशांच्या फ्रीझरखालची जमीन वर्षानुवर्षे गारठत गेली, की तिच्यातील ओल गोठून फुगते आणि फरशीला उचलून भेगा पाडते. ते होऊ नये म्हणून फरशीखालून हवा खेळती ठेवणाऱ्या नळ्या घातलेल्या असतात. त्यांची तोंडे बुजली, उंदरांनी घरे केली किंवा नव्या बांधकामात ती लिंपली गेली, तरी पाच-सात वर्षे काहीच जाणवत नाही. जाणवते तेव्हा खोली पाडून नवी बांधावी लागते.

अमोनियावर चालणाऱ्या मोठ्या शीतगृहांची व्यवस्था स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे इतकेच नोंदविणे पुरे, की शीतगृह अर्धे रिकामे असते असा काळ त्यांच्याकडे वर्षातून एकदाच, मिरची येण्याच्या आधी येतो. कंडेन्सरवर बोअरच्या जड पाण्याने चढलेला क्षाराचा थर उतरविणे, यंत्रणेत शिरलेली हवा काढून टाकणे, तळाशी जमलेले तेल उपसणे आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणे ही कामे तेव्हाच झाली पाहिजेत. मार्चमध्ये चेंबर भरलेले असताना यंत्र थांबविण्याचे धाडस कोणी करीत नाही, आणि कोणी करूही नये.

यंत्राविषयी इतके बोलल्यावर त्यात काम करणाऱ्या माणसाविषयीही बोलावयास हवे. हिवाळ्यातील दुपारी बाहेर अठ्ठावीस अंश आणि फ्रीझरमध्ये उणे वीस, असा प्रवास एक हमाल दिवसातून पंचवीस-तीस वेळा करतो. पुष्कळ ठिकाणी त्याच्या अंगावर मालकाच्या घरातील जुना स्वेटर आणि पायांत चप्पल असते. जाड जाकीट, हातमोजे आणि बंद बूट यांचा खर्च एका पोत्याच्या किमतीहून फार अधिक नसतो. त्याहून गंभीर गोष्ट दाराची आहे. प्रत्येक वॉक-इन खोलीचे दार आतून ढकलून उघडता येण्याची सोय असते. बाहेरून कुलूप लावलेले असले, तरीही ती खीळ सुटली पाहिजे. पण वापराअभावी ती गंजते, बर्फाने आवळली जाते किंवा चोरीच्या भीतीने मालकच ती काढून टाकतो. रात्री दिवा गेला, दार लोटले गेले आणि आत माणूस असला, तर उणे वीस अंशांत त्याच्याकडे फार वेळ नसतो. आतील खीळ, आतून वाजणारी घंटा आणि वीज गेल्यावरही जळणारा दिवा, या तिन्हींची चाचणी दर महिन्याला घ्यावी. आणि ती कोणा मजुराला आत पाठवून नव्हे, मालकाने स्वतः आत जाऊन, दार लावून घेऊन घ्यावी. बाहेर मात्र एक माणूस उभा असावा.

जानेवारीत हे सारे उरकले, तर संक्रांतीनंतर ऊन चढू लागते तेव्हा कंडेन्सरची कॉइल पाण्याने धुऊन घेणे तेवढे उरते. नागपूरच्या हवेत धूळ पुष्कळ. शिवाय रुईचे तंतू आणि पाखरांची पिसे पंख्याच्या ओढीने पत्र्यांच्या फटींत अडकून बसतात. पाणी आतल्या बाजूने बाहेर सोडावे, म्हणजे कचरा अधिक आत दाबला जात नाही. वाकलेले पत्रे कंगव्याने सरळ करावेत. आणि डिसेंबरात गॅस तपासताना कंडेन्सरवर लावलेला पुठ्ठा अजून तेथेच आहे का, हे त्याच वेळी पाहावे. तो काढावयाचा राहून गेलेली यंत्रे मार्चच्या पहिल्या कडक दुपारी बंद पडलेली अनेकांनी पाहिली आहेत.